पावत्यांचा गठ्ठा



या आठवड्यात 'कायदेकाकांच्या पेटी'त नेहमीसारखीच पत्रं आली. सायकलला घंटी नसली तर दंड होतो का, दादानं माझी डायरी वाचली तर तो गुन्हा आहे का, शेजारच्या आजोबांनी चेंडू परत दिला नाही तर काय करायचं... (चेंडूचं उत्तर मागं एकदा देऊन झालंय. जुने अंक काढा, सापडेल. आणि आजोबांशी जरा गोडीनं बोला.) पण एक पत्र मी बाजूला काढून ठेवलं आणि आजचं सगळं पान त्यालाच द्यायचं ठरवलं.

पत्र वहीच्या आखीव कागदावर, दोन्ही बाजूंनी भरून लिहिलेलं. लिहिणारी आठवीतली मुलगी, आपल्या बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. "नाव छापू नका" या शब्दांखाली तिनं दोनदा रेघ मारली आहे. म्हणून नाव नाही आणि गावही नाही. तिच्याच शब्दांत वाचा :

"काका, माझी आई एस.टी. स्टँडसमोर फळांचा गाडा लावते. ज्या दिवसात जे फळ येईल ते. पोळा झाला की सीताफळं, मग पेरू, मग बोरं, उन्हाळ्यात टरबुजं. मागच्या महिन्यात अतिक्रमणवाले आले आन् गाडा उचलून टेम्पोत घातला. वर तीन कॅरेट सीताफळं होती. आई म्हणाली, साहेब, मी रोज पावती फाडते. ते म्हणाले, पावती म्हणजे काय परवाना हाय का? तीन दिवसांनी गाडा सुटला, पण सीताफळं सगळी काळी पडली होती. आई घरी आली आन् पावत्या चुलीत घालायला निघाली. मी हिसकून घेतल्या. रात्री मोजल्या, दोनशे बारा भरल्या. काका, दोनशे बारा वेळा पैसे घेतले, मग माझी आई बेकायदेशीर कशी?"

कसा प्रश्न विचारलाय बघा! भल्याभल्या वकिलांना असा नेमका प्रश्न विचारता येत नाही.

आधी ही पावती म्हणजे काय ते पाहू. तुमच्याही गावात बाजार भरला की हातात पावतीपुस्तक घेतलेला एक माणूस फिरत असतो. प्रत्येक पाटीपुढं, प्रत्येक गाड्यापुढं थांबतो, ठरलेले पैसे घेतो, पावती फाडून देतो आणि पुढं सरकतो. आपल्या मराठवाड्यात याला तहबाजारी म्हणतात. निजामाच्या राजवटीत सरकारी कारभार उर्दूत चालायचा. ती राजवट १९४८ साली गेली, पण असे किती तरी शब्द आपल्या बाजारात आणि कचेऱ्यांत राहून गेले. पुष्कळ ठिकाणी ही वसुली नगरपालिका स्वतः करत नाही, लिलाव करून ठेका देते. पुस्तक घेऊन फिरणारा तो माणूस ठेकेदाराचा असतो. आज इथं एक गाडा उभा आहे आणि त्याचे अमुक पैसे होतात, एवढंच त्याला ठाऊक. हा गाडा उद्या इथं उभा राहावा की नाही, हे ठरवणं त्याच्या हातात नाही.

म्हणजे पावती एवढंच सांगते की आजच्या दिवसाचं जागेचं भाडं पोचलं. उद्याविषयी ती एक अक्षर बोलत नाही. सिनेमाची दोनशे बारा तिकिटं जमवली म्हणून थेटरातली खुर्ची आपली होत नाही, तसंच हे. तेव्हा पोरी, तुला ऐकून वाईट वाटेल, पण ते साहेब एका गोष्टीत बरोबर होते. पावती म्हणजे परवाना नव्हे.

मात्र एका गोष्टीत बरोबर असलेला माणूस बाकीच्या गोष्टींतही बरोबर असतोच असं नाही, बरं का!

रस्त्यावर माल विकणं ही कुणाची मेहेरबानी आहे का? नाही. तो हक्क आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात तुम्ही मूलभूत हक्क पाठ करता. त्यात घटनेचा १९ वा अनुच्छेद असतो. प्रत्येक नागरिकाला कोणताही पेशा, धंदा, व्यापार करण्याचं स्वातंत्र्य आहे, असं तो सांगतो. आता हा व्यापार फक्त काचेचं दार असलेल्या दुकानातलाच, की रस्त्याकडेच्या पाटीवरचाही? दिल्लीत जनपथ भागात सोदान सिंग नावाचा एक माणूस तयार कपडे विकत असे. त्याला उठवलं. तो गेला थेट सर्वोच्च न्यायालयात. १९८९ साली पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला : रस्त्यावर विक्री करणं हाही घटनेनं दिलेल्या व्यापाराच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे. पण त्याच निकालात दुसरं वाक्यही आहे आणि तेही तेवढंच महत्त्वाचं. रस्ता मुळात येण्याजाण्यासाठी असतो, म्हणून या हक्कावर वाजवी बंधनं घालता येतात, आणि अमुक एक जागा कायमची माझीच असं कुणाला म्हणता येत नाही.

हक्क आहे, पण जागा कोणती ते ठरवायचं कुणी आणि कसं? यावर वर्षानुवर्षं भांडणं चालली. मुंबईच्या फेरीवाल्यांच्या संघटनेचा खटला तर सोदान सिंगच्याही आधीचा. त्यात १९८५ मध्ये न्यायालयानं सांगितलं होतं की विक्री कुठं चालेल आणि कुठं नाही, असे विभाग पाडा. शेवटी २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं सरकारला बजावलं की ३० जून २०११ पर्यंत कायदाच करा. सरकारचा गृहपाठ उशिरा झाला, पण झाला. ४ मार्च २०१४ रोजी राष्ट्रपतींची सही झाली आणि १ मे २०१४ पासून, म्हणजे नेमका महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन, पथविक्रेता अधिनियम लागू झाला. पूर्ण नाव लांबलचक आहे : पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४. नाव कंटाळवाणं वाटलं तरी कंसातले शब्द पुन्हा वाचा. पहिला शब्द उपजीविकेचं संरक्षण, आणि त्यानंतर शिस्त. दोन्ही एकाच कागदावर.

तो कागद म्हणजे विक्री प्रमाणपत्र. पावती आणि प्रमाणपत्र यांतला फरक तुम्हाला नीट कळला, तर आजचं निम्मं पान सार्थकी लागलं. पावतीवर फक्त पैसे असतात. प्रमाणपत्र असतं माणसाच्या नावानं. कुठं विकायचं, काय विकायचं, एका जागी बसून की फिरून, किती वेळ, हे सगळं त्यात ठरलेलं असतं. त्याच्याबरोबर फोटोचं ओळखपत्र मिळतं.

हे प्रमाणपत्र कसं मिळतं? आधी नगरपालिकेनं गावातल्या सगळ्या पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, म्हणजे मोजणी. निदान पाच वर्षांतून एकदा ती झालीच पाहिजे. मोजणीत जे सापडतील त्यांना सामावून घ्यायचं. त्यालाही मर्यादा आहे : लोकसंख्येच्या अडीच टक्के. चला, गणित करू. २०११ च्या जनगणनेत बीड शहराची लोकसंख्या १,४६,७०९ होती. तिचे अडीच टक्के किती? (वहीत करा, उत्तर खाली पाहू नका. ३,६६७ च्या थोडं वर येतं.) म्हणजे त्या लोकसंख्येच्या हिशेबानं एकट्या बीड शहरात साडेतीन हजारांहून जास्त पाट्या आणि गाडे कायद्यानं मावतात. मला स्वतःला हा आकडा पाहून नवल वाटलं होतं.

मोजणी करायची, जागा ठरवायच्या, हे काम कचेरीतल्या एका टेबलावर होत नाही. त्यासाठी नगर पथविक्रेता समिती असते. नगरपालिकेचे मुख्याधिकारी तिचे अध्यक्ष. पण समितीतले किमान चाळीस टक्के सभासद खुद्द विक्रेत्यांनी, मत टाकून, आपल्यातून निवडायचे असतात. आणि त्यांतल्या एक तृतीयांश जागा बायकांच्या. भाजीबाजारात, बांगड्यांच्या पाट्यांपुढं, फळांच्या गाड्यांवर बायका किती असतात हे तुम्ही पाहिलंच आहे. नगरपालिकेच्या टेबलापलीकडं आता त्यांच्यातली कुणी तरी खुर्चीवर बसली पाहिजे, असं कायद्याचं म्हणणं आहे.

आता मुद्द्यावर येऊ. गाडा उचलला ते बरोबर की चूक?

ज्याच्याकडं प्रमाणपत्र आहे, त्याला त्यावर लिहिलेल्या जागेवरून उठवायचं असेल तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. ती मुदत संपूनही तो उठला नाही, तर रोज २५० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि मग माल जप्तही होऊ शकतो. सकाळी टेम्पो येतो, दुपारी गाडा गायब, असं प्रमाणपत्रवाल्याच्या बाबतीत करता येत नाही.

पण तुझ्या आईकडं प्रमाणपत्र नाही. पत्रात तू तसं स्वच्छ लिहिलंयस, आणि मला तेच आवडलं. विनाप्रमाणपत्र विक्री करणाऱ्याला हटवता येतं, २,००० रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो. इथं माझ्यातल्या वकिलाला गप्प बसवत नाही, कारण याच कायद्याचं तिसरं कलम आणखी काही सांगतं : सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणत्याही पथविक्रेत्याला उठवायचं नाही, हलवायचं नाही. आधी मोजा, कागद द्या, मग शिस्त लावा. शिक्षकांनी हजेरीच घेतली नाही आणि गैरहजर म्हणून छडी मारली, तर चालेल का? तेव्हा खरा प्रश्न "पावती परवाना आहे का" हा नाहीच. खरा प्रश्न असा की, तुमच्या गावात सर्वेक्षण झालं आहे का, आणि झालं असेल तर त्या यादीत आईचं नाव का नाही?

नाव राहून जाण्याची कारणं साधीच असतात. आपल्या जिल्ह्यात ती आणखी एका कारणानं राहू शकतात, तुम्हीच विचार करा. दसऱ्यानंतर बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. वर्षातले उरलेले महिने त्यांतली कुणी फळं विकतात, कुणी भाजी. समजा, मोजणीवाले आले डिसेंबरात. बाई त्या वेळी कुठल्या तरी कारखान्याच्या फडात मोळ्या बांधते आहे. तिचा गाडा घराच्या भिंतीला टेकवलेला. यादीत कुठून येणार नाव? कायद्यानं हेही धरलं आहे. दोन मोजण्यांच्या मधल्या काळात कुणी अर्ज केला, तर जागा शिल्लक असल्यास समिती त्याला प्रमाणपत्र देऊ शकते. मात्र अर्ज स्वतः करावा लागतो. कुणी घरी विचारायला येत नाही.

आता सीताफळं. बालाघाटाच्या उतारावर रानोमाळ पिकणाऱ्या आपल्या या फळाला २०१६ साली 'बीड सीताफळ' म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. नाव मोठं झालं, पण फळाचा स्वभाव तोच राहिला. डोळे उघडलं, हाताला मऊ लागलं की दोन दिवसांत संपलं. आंबा निदान आढीत थांबतो. सीताफळ थांबत नाही.

आणि हे कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं! माल जप्त करायची वेळ आलीच, तर काय काय उचललं त्याची यादी करायची, आणि जप्त करणाऱ्याच्या सहीची प्रत विक्रेत्याच्या हातात द्यायची. मग विक्रेत्यानं माल परत मागितला की टिकाऊ माल असेल तर कामकाजाच्या दोन दिवसांत सोडायचा. आणि नाशवंत असेल, म्हणजे फळं, भाजी, फुलं, तर मागितल्याच दिवशी. त्याच दिवशी! पुढच्या सोमवारी नाही, साहेब जेवून आल्यावर बघू असंही नाही.

तुझ्या आईला यादी दिली नाही असं तू लिहितेस. आईनं दुसऱ्याच दिवशी जाऊन गाडा मागितला, "उद्या या" म्हणाले, असंही लिहितेस. हे दोन्ही तू म्हणतेस तसंच घडलं असेल, तर ते कायद्याला धरून नव्हतं. साहेबांचं एक बरोबर, दोन चूक. बेकायदेशीर कोण, असं तू विचारलंस ना? त्या दिवशी गाड्याच्या दोन्ही बाजूंना थोडं थोडं होतं.

दोन्ही बाजूंना म्हणतोय, कारण पत्राच्या तळाशी तू बारीक अक्षरात एक ओळ लिहिली आहेस : "आमचा गाडा गेटच्या अगदी तोंडाशी असतो, तिथं गिऱ्हाईक जास्त." मी ती ओळ वाचली, बरं का! स्टँडच्या गेटातून एस.टी. वळते तेव्हा तिचं मागचं अंग किती बाहेर झेपावतं ते पाहा. त्या वळणावर गाडा, गाड्यापुढं गिऱ्हाईक, गिऱ्हाइकाच्या बोटाला धरून पोर. उद्या तिथं विक्रीला मनाईच झाली, तर मला तरी ती चूक वाटणार नाही.

प्रमाणपत्र घेताना विक्रेता लिहून देतो. काय लिहून देतो? हा धंदा मी स्वतः करीन, किंवा माझ्या घरचं माणूस करील. माझ्या पोटापाण्याचा दुसरा उद्योग नाही. आणि हे प्रमाणपत्र मी कुणाला विकणार नाही, भाड्यानं देणार नाही. शेवटचं नीट वाचा. एकानं प्रमाणपत्रं मिळवायची, चौघांना भाड्यानं द्यायची आणि घरी बसून पैसे मोजायचे, हे चालत नाही. अटी मोडल्या किंवा खोटं सांगून प्रमाणपत्र घेतलं, तर ते रद्द होतं. मात्र रद्द करण्यापूर्वी विक्रेत्याचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं.

शिवाय आपली जागा आणि आजूबाजूचा परिसर स्वच्छ ठेवायचा. तिथले नळ, दिवे, फरशा सांभाळायच्या. त्या सोयींच्या देखभालीचं शुल्क भरायचं. जागा वेळेच्या वाटणीवर असेल, म्हणजे सकाळी भाजी आणि संध्याकाळी भेळ, तर आपली वेळ संपली की रोजच्या रोज माल उचलून जागा मोकळी करायची. ताडपत्री टाकून, दगड ठेवून, 'ही आमची' म्हणून अडवून जायचं नाही. खाण्याचे पदार्थ विकत असाल तर अन्नसुरक्षेचे नियमही पाळायचे. तराजू आणि वजनं यांच्यावर वैधमापन खात्याचा छाप हवा. किलोच्या जागी धोंडा, तोही 'अंदाजे बरोबर', हे खेड्यातल्या बाजारात मी लहानपणी पाहिलेलं आहे. ते तेव्हाही चूकच होतं.

पालकांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठी. गाडा असतो चार-पाच फुटांचा. तो रस्त्याच्या कडेला नीट उभा असतो. मग तुम्ही येता, मोटारसायकलवरनं न उतरता, इंजिन चालू ठेवून, रस्त्यातच उभं राहून पेरूचा भाव विचारता. तुमच्यामागं आणखी दोघं. रस्ता अडतो तो तुमच्यामुळं, आणि तक्रार जाते गाड्याची. गाडी दहा पावलं पुढं लावून चालत यावं, ही माझी हात जोडून विनंती.

कायद्याची हद्दही सांगून ठेवतो, नाही तर कुणी तरी फसायचं. हा कायदा शहरांचा, म्हणजे महानगरपालिका, नगरपालिका, नगरपंचायत असलेल्या गावांचा. आपल्या जिल्ह्यात बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई, धारूर इथं नगरपरिषदा आहेत, आणि आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, वडवणी इथं नगरपंचायती. ग्रामपंचायतीच्या गावात भरणाऱ्या आठवडी बाजाराला ग्रामपंचायतीचे नियम. आणि रेल्वेच्या जागेला हा कायदा लागू नाही. परळी तर जुनं जंक्शन. आता १७ सप्टेंबर २०२५ पासून बीडहून अहिल्यानगरला गाडी सुटू लागली आहे. स्टेशनाबाहेरच्या नगरपालिकेच्या रस्त्यावर तुमचं प्रमाणपत्र चालेल, पण फलाटावर पाटी घेऊन चढलात तर ते दाखवून उपयोग नाही. तिथं रेल्वेची परवानगी हवी.

तुम्ही म्हणाल, काका, ज्यांना उठवायचं त्यांना जायचं कुठं? सिंगापूरनं साठच्या दशकाच्या अखेरीस रस्त्यावरच्या विक्रेत्यांची नोंद करायला घेतली आणि पुढच्या दीड-दोन दशकांत त्यांना नळ, मोऱ्या, छप्पर असलेल्या बाजारांत नेऊन बसवलं. आज तिथल्या या खाऊगल्ल्यांची परंपरा युनेस्कोच्या यादीत आहे, २०२० पासून. आपल्या कायद्यातही विक्रेत्याला हलवलं तर त्याला नवी जागा मिळण्याचा हक्क आहे. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. जिथं पन्नास वर्षांहून अधिक काळ बाजार भरत आलाय, तो वारसा बाजार म्हणून जाहीर करायचा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही, असं कायद्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे. तुमच्या गावचा बाजार किती जुना आहे, आजोबांना विचारा. (चेंडूवाल्या आजोबांनाही विचारायला हरकत नाही.)

आता पत्रातला दुसरा प्रश्न. "येत्या जानेवारीत मला चौदा पूर्ण होतील. मग माझ्या नावावर प्रमाणपत्र निघेल का? आई एकटी कुठं कुठं बघणार?"

कायद्याच्या अक्षरात उत्तर 'निघू शकतं' असं आहे. चौदा वर्षं पूर्ण झालेल्या, सर्वेक्षणात नोंदलेल्या विक्रेत्याला प्रमाणपत्र मिळू शकतं. पण माझं मत विचारशील तर तुझ्या नावावर ते काढू नये. कारण त्याची गरजच नाही. आईच्या नावावर प्रमाणपत्र असलं की घरचं माणूस म्हणून तू गाड्यावर उभी राहू शकतेस. चौदाच्या आतल्या मुलांनाही घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत हात लावायला कायद्यानं मोकळीक आहे, शाळेच्या वेळेत मात्र नाही. आणि देव न करो, पण प्रमाणपत्र असलेला विक्रेता वारला किंवा कायमचा अपंग झाला, तर मुदत संपेपर्यंत त्याच्या जागी नवरा किंवा बायको, आणि त्यानंतर त्याच्यावर अवलंबून असलेलं मूल विक्री करू शकतं. म्हणजे कागद आईच्या नावानं असला तरी तो घराला पुरतो. तू आठवीचं गणित बघ. पावत्या मोजतेस तशी बेरीज परीक्षेत केलीस तरी पुष्कळ.

पुढं काय करायचं? त्या पावत्या चुलीत घालू नका, ही पहिली गोष्ट. परवाना म्हणून त्यांचा उपयोग नाही, पुरावा म्हणून आहे. आई कधीपासून, किती दिवस गाडा लावते आहे, हे त्या तारखांवरून दिसतं. तारखेप्रमाणं लाव, महिन्या-महिन्याचे गठ्ठे कर, कोपऱ्यात दोरा ओव. मग आईनं नगरपालिकेत जाऊन सर्वेक्षणाच्या यादीत नाव आहे का ते पाहावं. नसेल तर प्रमाणपत्रासाठी अर्ज. अर्ज दोन प्रतींत लिहायचा, एक द्यायची आणि दुसरीवर तारखेसह पोच घ्यायची. अक्षर तुझं, सही किंवा अंगठा आईचा.

उत्तर मिळेना झालं तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच. दहा रुपये फी, आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तीही नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात तीनच प्रश्न विचारा : शेवटचं पथविक्रेता सर्वेक्षण कोणत्या तारखेला पूर्ण झालं? नगर पथविक्रेता समितीचे सभासद कोण आहेत? विक्रीसाठी कोणत्या जागा ठरवल्या आहेत? जास्त प्रश्न विचारू नका, गोंधळ होतो. काळ्या पडलेल्या सीताफळांची तक्रारही करता येते. त्यासाठी कायद्यात तक्रार निवारण समिती आहे. तिचा अध्यक्ष पूर्वी दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी राहिलेला असावा लागतो, आणि सरकारचा किंवा नगरपालिकेचा नोकर तिच्यावर बसू शकत नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यानंच निकाल द्यायचा, असं होऊ नये म्हणून.

कागद हातात आला की आणखी एक दार उघडतं. १ जून २०२० रोजी, टाळेबंदीत सगळ्यांचे गाडे बंद पडले होते तेव्हा, केंद्र सरकारनं पी.एम. स्वनिधी नावाची कर्जयोजना सुरू केली. पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं होतं, २०२५ मध्ये ते १५,००० केलं. तारण लागत नाही. सर्वेक्षणात राहून गेलेल्यांना नगरपालिकेच्या शिफारसपत्रावरही अर्ज करता येतो. तीन कॅरेट सीताफळांचा खड्डा भरून काढायला तेवढं पुरेल.

आणि हो, गाडा गेटच्या तोंडापासून हलवायला आईला आजच सांग. पंधरा-वीस पावलं अलीकडं घ्या. गिऱ्हाईक तेवढं चालतं.

पोच मिळाली की मला पत्र टाक. पोचेवर शिक्का उमटलाय का आणि तारीख वाचता येते का, ते आधी नीट बघून घे.

पुढच्या अंकात : दुकानदारानं बिल दिलंच नाही तर?

तुमचा,
कायदेकाका